जाहिरात कोणाला गृहीत धरते?

जाहिरात हे वाङ्मय नव्हे, ती विक्रीची सोय आहे, असे म्हणून मराठी समीक्षा तिला ओलांडून पुढे जाते. याच समीक्षेने एकेकाळी दलित साहित्यावर ‘प्रचारकी’ असा शिक्का मारला होता. प्रचाराची एवढी चीड असणाऱ्यांनी, उघड प्रचारासाठीच जन्मलेल्या या प्रकाराची झाडाझडती कधी का घेतली नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कादंबरी हातात न धरणारा माणूसही दिवसभरात कितीतरी जाहिराती पाहतो, ऐकतो. आमच्या वस्त्यांतली मुले पाठ्यपुस्तकातल्या कवितेआधी साबणाची घोषवाक्ये पाठ म्हणतात. जे समाजमन घडवते ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे निदान आपल्याला तरी परवडणारे नाही.

या लेखाला निमित्त एका तरुणाच्या टिपणाचे आहे. हा तरुण आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडला असून जाहिरातसंस्थेत लेखक म्हणून काम मिळवण्याच्या खटपटीत आहे. जाहिरात कशामुळे चालते, याविषयी त्याने चार मते मांडली आहेत. पहिले, जाहिरातीने एका वेळी एकच गोष्ट सांगावी. दुसरे, तिने पाहणाऱ्याला चकित करावे. तिसरे, तिच्यात वस्तूची स्तुती नसावी, खरी माणसे असावीत. चौथे, ती समजावून सांगावी लागू नये. समजावून सांगावा लागणारा विनोद जसा फुकट जातो, तशी ती जाहिरातही फुकट जाते. आणि शेवटी त्याने एक वाक्य जोडले आहे की, जाहिरातीला जात नसते, तिला फक्त गिऱ्हाईक असते.

पहिली तीन मते कारागिरीची आहेत आणि ती बरोबर आहेत. चौथ्या मतापाशी मात्र थांबले पाहिजे, आणि शेवटच्या वाक्याशी भांडले पाहिजे.

जाहिरातीला तीस सेकंद मिळतात. तीस सेकंदांत काहीही पटवून देता येत नाही, फक्त आठवण करून देता येते. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात जे आधीच पटलेले आहे, त्याच्या आधारावरच जाहिरात उभी राहते. नवरा ऑफिसातून येतो, बायको चहा घेऊन येते. कोणी कोणाचे कोण आहे हे सांगावे लागत नाही. हे न सांगता कळणे म्हणजेच गृहीत. आता, भारतीय समाजात न सांगता कळणारी सर्वांत जुनी गोष्ट कोणती? आडनाव ऐकताच, वस्तीचे नाव ऐकताच, हातातला झाडू पाहताच जी कळते ती कोणती? ज्या प्रकाराची सारी शक्ती ‘न सांगता कळण्या’त आहे, तो प्रकार या देशात जातीपासून अलिप्त राहणे अवघड आहे. जाहिरात लिहिणारा जातीयवादी असतो असे मला म्हणायचे नाही. त्याला तसे असण्याची गरजच पडत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

प्रथम ‘फक्त गिऱ्हाईक’ हा शब्द तपासू. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी तयार केलेली धुण्याची पावडर सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. ती निरमा. हिंदुस्तान लिव्हरचा सर्फ तिच्यापेक्षा तिपटीहून अधिक महाग होता. निरमा घरोघर पोचू लागल्यावर १९८०च्या दशकात लिंटास या जाहिरातसंस्थेच्या अॅलिक पदमसी यांनी सर्फसाठी ‘ललिताजी’ उभी केली. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, ठसक्यात बोलणारी, हिशेबी गृहिणी. स्वस्त वस्तू घेणे वेगळे आणि चांगली वस्तू घेणे वेगळे, असे ती बजावते. जाहिरात म्हणून ती उत्तमच होती. पण तिचा युक्तिवाद कोणाला लागू पडतो? जिच्या हातात महिन्याचा पगार येतो, तिला. जिच्या हातात संध्याकाळी दिवसाची मजुरी पडते, तिच्यापुढे स्वस्त आणि चांगले अशी निवडच नसते. तिच्यापुढे स्वस्त पावडर असते किंवा पावडरच नसते. तिच्या दृष्टीने स्वस्त म्हणजे फसवणूक नव्हे, स्वस्त म्हणजे आवाक्यातले. निरमाची पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहिली हे खरे. पण ती पावडर झोपडीत पोचली ती किमतीमुळे. पुढे लिव्हरलाही ‘व्हील’ ही स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली. जाहिरात कशामुळे चालते याची चर्चा करणारे ही किंमत नेहमी विसरतात, कारण तिचे श्रेय कोणत्याही लेखकाला घेता येत नाही.

दुसरे उदाहरण त्या तरुणाच्या विशेष आवडीचे आहे. २००५ मध्ये सर्फ एक्सेलने डाग चांगले असतात असे सांगणारी जाहिरात आणली. शाळेतून परतणारी लहान मुलगी चिखलात पडते, रडू लागते, आणि तिचा भाऊ त्या चिखलालाच बुकलून काढतो. त्याचे कपडे बरबटतात. डाग काढणारी पावडर विकणाऱ्याने डागाचीच बाजू घ्यावी, हे खरोखर चकित करणारे आहे. माणसे खरी आहेत आणि सांगायची गोष्ट एकच आहे. तरुणाच्या पहिल्या तीन कसोट्यांना ती पूर्ण उतरते.

परंतु हे चकित होणे वरच्या थरातले आहे. खाली सगळे ठाऊक असलेलेच आहे. हा डाग खेळातला आहे, तो एका धुण्यात जाणार आहे, आणि तो लागलेल्या मुलाला कोणी दूर ढकलणार नाही, हे पाहणारा धरून चालतो म्हणूनच तो हसू शकतो. या देशात चिखलात आणि मैल्यात हात घालण्याचे काम काही जातींच्या वाट्याला जन्माने आलेले आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा झाला, तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतच आहेत. त्यांच्या अंगावरचा डाग चांगला आहे असे म्हणणारी जाहिरात कोणी लिहू शकेल काय? लिहिली तर ती चालेल काय? ती चालणार नाही, कारण तो डाग कोणत्याही पावडरीने निघत नाही हे पाहणाऱ्याला न सांगता ठाऊक आहे. एकाच वस्तूचे दोन अर्थ होतात आणि जाहिरात त्यातला एकच सर्वांचा म्हणून दाखवते. जाहिरात खोटी आहे असे नव्हे. ती एका घराचे सत्य सगळ्या देशाचे म्हणून सांगते.

हे घर कोणाचे, ते ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जाहिरातीतली सर्वनामे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, केंट या कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात केली होती. तुमच्या मोलकरणीला तुम्ही हाताने कणीक मळू देता काय, तिच्या हातांना संसर्ग झालेला असू शकतो, अशा आशयाचा मजकूर तीत होता. टीका झाल्यावर कंपनीने ती मागे घेतली आणि माफी मागितली. या मजकुरात ‘तुम्ही’ कोण? मालकीण. आणि ‘ती’ कोण? जिच्याविषयी बोलले जाते, पण जिच्याशी बोलले जात नाही, ती. संसर्ग मालकिणीच्या हातांनाही होऊ शकत होता, परदेशातून आलेल्या तिच्या पाहुण्यांच्या हातांनाही होऊ शकत होता. तरी संशयासाठी मोलकरणीचेच हात आठवले, कारण स्वयंपाकघर, पीठ आणि खालच्या समजल्या गेलेल्या माणसाचा स्पर्श यांचे नाते शेकडो वर्षे शिकवून झालेले आहे. कोरोनाने त्या जुन्या विटाळाला फक्त नवे वैद्यकीय नाव मिळवून दिले. त्याच दिवसांत घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना सोसायट्यांच्या फाटकातून आत घेतले जात नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जाहिरातीचा खर्च शेवटी वस्तूच्या किमतीतून वसूल होतो. साबणाची वडी विकत घेणारी मोलकरीणही जाहिरातींचे पैसे भरत असते. म्हणजे या सर्वनामांचा खर्च ‘तुम्ही’ आणि ‘ती’ दोघी मिळून उचलतात. संबोधन मात्र एकीच्याच वाट्याला येते.

चौथे मत, म्हणजे समजावून सांगावे न लागणे, याची खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. ५ जून या पर्यावरणदिनाच्या निमित्ताने झोमॅटोने एक जाहिरात प्रसिद्ध केली. ‘लगान’ या २००१ मधल्या चित्रपटात कचरा नावाचे अस्पृश्य पात्र आहे. गावकरी त्याला खेळात घ्यायला तयार नसतात. ते पात्र करणाऱ्या आदित्य लाखिया यांनाच घेऊन, प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून बनलेल्या दिवा, झारी अशा वस्तूंच्या जागी या जाहिरातीत माणूसच बसवला होता आणि वस्तूला किती किलो कचरा लागला याचा आकडाही दिला होता. चित्रपट-दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासह अनेकांनी जाहीर निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली आणि जाहिरात मागे घेतली गेली. कंपनीचे म्हणणे असे होते की हेतू पर्यावरणाचा होता, कोणाला दुखवण्याचा नव्हता.

हेतूबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. विनोद कसा घडला ते पाहिले पाहिजे. ‘कचरा’ हा शब्द माणसाचे नाव आणि टाकाऊ वस्तू असा दोन्ही अर्थांनी एकाच वेळी ऐकू आल्याशिवाय कोणी हसत नाही. आणि माणसाचे नाव कचरा असू शकते हे पाहणाऱ्याला विचित्र वाटत नाही, म्हणूनच तो विनोद समजावून सांगावा लागत नाही. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असे मनुस्मृतीने सांगून ठेवले आहे. त्या मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. आपल्या आजोबांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू ही नावे घरोघर सापडतात. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणूनही ती ठेवली जात आणि ती एका जातीपुरती नव्हती, हे खरे. पण ज्यांना चांगले नाव ठेवायची चोरी होती त्यांच्या अंगाला ती अधिक चिकटली. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या लोकांनी मुलांची नावे किती विचारपूर्वक ठेवली ते कोणत्याही शाळेच्या पटावर दिसेल. नाव बदलणे ही ज्या समाजाची लढाई होती, त्या समाजाला हा विनोद ऐकू येतो तेव्हा त्याला दिवा दिसत नाही, झारी दिसत नाही, माणूस दिसतो. जाहिरात करणाऱ्यांना वस्तू दिसली. दोघांनी तीच जाहिरात पाहिली होती.

‘जाहिरातीला जात नसते’ या वाक्याचे उत्तर मात्र मोठ्या कंपन्यांकडे जाऊन शोधण्याची गरज नाही. वृत्तपत्रांतल्या वधूवर-सूचना पाहाव्यात. या जाहिरातीत शब्द मोजून पैसे द्यावे लागतात, म्हणून अनावश्यक शब्द त्यात नसतो. ‘जातीची अट नाही’ असे लिहून त्यापुढे ‘एससी-एसटी क्षमस्व’ असे लिहिणारे या महाराष्ट्रात होऊन गेले आहेत. त्या ‘क्षमस्व’साठी त्यांनी वेगळे पैसे मोजले. कमी शब्दांत एकच गोष्ट सांगण्याचा तरुणाचा नियम इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कोणी पाळला असेल असे वाटत नाही.

आणि ‘तिला फक्त गिऱ्हाईक असते’ हेही खरे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ करूनही छापली नाही. तेथे गिऱ्हाईक होते, रोख पैसा होता, जागा होती. तरी व्यवहार झाला नाही. बाजाराला फक्त पैसा कळतो, या समजुतीला छेद देणारे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागत नाही.

मग थोड्या वेळात, सोप्या शब्दांत, ठेक्यावर बोलणे हेच वाईट काय? मुळीच नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. श्रोता दिवसभर राबून दमलेला, वेळ थोडा, अक्षरओळख नाही. त्यांनीही लोकांच्या ओळखीचा तमाशाचा साचा घेतला. पण ओळखीच्या साच्यातून त्यांनी श्रोत्याला अनोळखी प्रश्न विचारला. तू हे का सोसतोस, हा तो प्रश्न. जाहिरात श्रोत्याच्या गृहीताला गोंजारते, जलसा त्याच गृहीताला हलवतो. साधने जवळजवळ एकच आहेत, दिशा उलट आहे. म्हणून ‘चालणे’ ही कसोटी अपुरी आहे. जलसाही चालला आणि वधूवर-सूचनाही चालली.

जाहिरात वाचताना-पाहताना आपल्या विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. ती कोणाशी बोलते? ती कोणाविषयी बोलते? आणि काय न सांगता कळेल असे ती धरून चालते? निबंधाच्या तासाला व्याकरण शिकवतोच आहोत, तर सर्वनामे जाहिरातींवरून शिकवायला हरकत नाही.

त्या तरुणाने या व्यवसायात जावे असेच माझे मत आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तेथे शिरण्याची वाट त्याला स्वतःच्या लेखणीनेच काढावी लागणार आहे, आणि लेखणी त्याच्याकडे आहे. कचरा, डाग, मोलकरणीचे हात हे शब्द ज्या टेबलावर सहज उच्चारले जातात, तेथे ते ऐकून ज्याचे कान टवकारतील असा एक तरी माणूस बसलेला असावा. मात्र तेथे बसण्याची किंमत म्हणून ‘जाहिरातीला जात नसते’ हे वाक्य त्याला रोज म्हणायला लावले जाईल. ते म्हणायचे की नाही, हे त्याने आत जाण्यापूर्वी ठरवलेले बरे. नंतर ते इतरांप्रमाणे त्याच्याही अंगवळणी पडेल, आणि मग त्यालाही ते समजावून सांगावे लागणार नाही.