पृथगात्म आणि विभक्त : दोन विशेषणांचा विचार

इंग्रजी ग्रंथ मराठीत आणताना नामे आणि क्रियापदे अनुवादकाला क्वचितच फसवितात. फसवितात ती विशेषणे. 'डिस्टिंक्ट' हे असेच एक विशेषण होय. कोश उघडला तर त्याच्यापुढे 'वेगळा, भिन्न, निराळा, स्पष्ट' असे अर्थ दिलेले आढळतात. 'सेपरेट' या शब्दापुढेही 'वेगळा, निराळा, स्वतंत्र' असेच अर्थ असतात. परिणामी इंग्रजीतील दोन शब्द मराठीत एकाच 'वेगळा' या शब्दात गडप होतात. एरवी ही बाब किरकोळ मानता आली असती. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राजकीय लेखनात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या शेजारी, जाणीवपूर्वक योजलेले आहेत. तेथे ते एकच मानले तर त्यांची भूमिकाच बदलते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील विहारांत चालणाऱ्या वाचनवर्गांतून इंग्रजी खंडांचा अभ्यास करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या दोन शब्दांतील भेद आपल्याच परिसरातील उदाहरणाने पाहू. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत तेथील दानकर्त्यांचे उल्लेख आहेत. डोंबिवलीची घडण अगदी निराळी. दोन गावे, दोन स्थानके, दोन स्वभाव. कोणीही एकाला दुसरे समजत नाही. तथापि 1983 पासून या दोन्ही शहरांची महानगरपालिका एकच आहे. म्हणजे कल्याण आणि डोंबिवली ही परस्परांहून 'डिस्टिंक्ट' आहेत, 'सेपरेट' नाहीत. उलट ठाण्याची महानगरपालिका 1982 पासून निराळी असल्याने कारभारापुरते ठाणे आणि कल्याण 'सेपरेट' आहेत. लगतची 27 गावे 2002 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळण्यात आली व 2015 मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. त्या काळात बदलली ती त्यांची व्यवस्था. गावांची ओळख वगळल्याने निर्माण झाली नाही आणि समाविष्ट केल्याने पुसलीही गेली नाही. एक शब्द ओळखीचा आहे, दुसरा व्यवस्थेचा.

शब्दाचा अर्थ निश्चित करण्याची एक सोपी कसोटी म्हणजे त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधणे. 'सेपरेट'च्या उलट 'संयुक्त'. 'डिस्टिंक्ट'च्या उलट 'विलीन' किंवा 'अंतर्भूत'. संयुक्त असूनही विलीन न होणे शक्य आहे, हे या कसोटीतून तत्काळ ध्यानी येते. यास्तव 'सेपरेट'साठी 'विभक्त' आणि 'डिस्टिंक्ट'साठी 'पृथगात्म' हे शब्द आम्ही सुचवितो. यांपैकी एकही शब्द नवा नाही. विभक्त कुटुंब आपण रोज म्हणतो आणि दलित साहित्याच्या समीक्षेने 'पृथगात्मता' हा शब्द कधीच रूढ केला आहे.

आता मूळ लेखनाकडे वळू. 1928 च्या ऑक्टोबरमध्ये पुणे येथे सायमन आयोगापुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी आरंभीच मागणी केली, ती अस्पृश्यवर्गाला हिंदू समाजाहून निराळा, पृथगात्म अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता देण्याची. परंतु त्याच साक्षीत विभक्त मतदारसंघाचा आग्रह मात्र नव्हता. प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. तो मिळणार नसेल तर मात्र विभक्त मतदारसंघ हवेत, अशी ती मांडणी होती. ओळखीची मागणी बिनशर्त होती, विभक्ततेची सशर्त होती. दोन्ही विशेषणांना 'वेगळा' म्हणणाऱ्याला ही साक्ष परस्परविरोधी वाटेल. वस्तुतः तीत विरोध कोठेच नाही.

पहिल्या गोलमेज परिषदेपुढे 1930 मध्ये ठेवलेल्या योजनेतही हाच विवेक दिसतो. विभक्त मतदारसंघ पहिली दहा वर्षे. त्यानंतर संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा. मात्र प्रौढ मताधिकाराशिवाय संयुक्त मतदारसंघ अस्पृश्यांवर लादू नयेत. विभक्ततेला येथे मुदत आहे. पृथगात्मतेला मुदत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात तर हे दोन शब्द एकाच कलमात एकमेकांना भिडले. प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा ठरल्या, त्या संयुक्त मतदारसंघातून भरावयाच्या. परंतु प्रत्येक जागेसाठी चार उमेदवारांची यादी अस्पृश्य मतदारांनीच प्राथमिक निवडणुकीत ठरवावयाची होती. अंतिम मतदान सर्वांचे. व्यवस्था संयुक्त ठेवून पृथगात्मता राखण्याचा हा प्रयत्न होता. अंतिम मतदानात सवर्णांच्या संख्याबळापुढे तो टिकला नाही. म्हणूनच 1944 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मद्रास येथील ठरावात ही दोन्ही विशेषणे जोडीने अवतरली आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विभक्त मतदारसंघ व विभक्त वसाहती यांची मागणी पुन्हा आली. हे आम्ही लपवू इच्छित नाही. मात्र मद्रासच्या ठरावातही अस्पृश्यवर्ग हा भारताच्या राष्ट्रीय जीवनातील एक घटक म्हणूनच मांडला आहे. 'जीवनाबाहेरील' असे त्यात नाही. सप्तमीचा अर्थ विसरून केवळ विशेषण वाचणाऱ्या टीकाकारांनी बाबासाहेबांवर फुटीरपणाचा आरोप केला. खेदाची गोष्ट ही की, आपल्यातील काही वक्तेही 'आम्ही वेगळे' ही घोषणा देताना नकळत तोच अर्थ गृहीत धरतात. आरोप करणारा आणि अभिमान बाळगणारा, दोघांचा कोश एकच!

पुढे राज्यघटनेने प्रौढ मताधिकार दिला, मतदारसंघ संयुक्त ठेवले आणि जागा राखीव केल्या. 1928 च्या साक्षीत घातलेली अट अशा रीतीने कायद्यात उतरली.

हा विवेक बौद्ध परंपरेला नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद नागसेन स्थविरांना विचारतो की, स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना, विज्ञान हे एकत्र आलेले धर्म एकेक सुटा करून दाखविता येतील काय? स्थविर नकार देतात आणि राजाच्याच मुदपाकखान्याचा दाखला देतात. आचाऱ्याने रस्सा शिजविला; त्यात दही, मीठ, आले, जिरे, मिरी घातली. आता त्यातील आंबटपणा वा खारटपणा बाजूला काढून दे म्हटले तर ते शक्य नाही. तरीही प्रत्येक चव आपापल्या लक्षणाने तेथे उपस्थित असते व जिभेला कळते. विभक्त करता येत नाही, पण पृथगात्म आहे! हा भेद याहून नेमकेपणाने सांगणारा दाखला आमच्या पाहण्यात नाही.

हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलती जातील, ही भीती आमच्या वस्त्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही. बौद्ध होणे म्हणजे विभक्त होणे, आणि विभक्त झालेल्याचा वाटा संपला, असा त्या भीतीमागील समज आहे. वास्तविक 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला आणि 1993 मध्ये केंद्र सरकारने बौद्धांना अल्पसंख्य समाज म्हणून अधिसूचित केले. धर्म पृथगात्म राहिला. घटनात्मक संरक्षणाशी असलेला संबंध तुटला नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 65 लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला. 2027 च्या जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केला आहे. धर्म आणि जात या दोन नोंदी आहेत. एकीत खरे लिहिले म्हणून दुसरीतील हक्क बुडत नाही, हे घरोघर समजावून सांगावे लागेल. ते सांगताना 'वेगळे' हा एकच शब्द पुरणार नाही.

'स्वतंत्र मतदारसंघ' हा शब्दप्रयोग इतिहासात रुळलेला आहे. तो काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. त्याचा अर्थ 'विभक्त' आहे, एवढे वाचकाला ठाऊक असावे. मात्र यापुढे जे अनुवाद होतील, ज्या स्मरणिका निघतील, जे वर्ग चालतील, त्यांत 'डिस्टिंक्ट' आणि 'सेपरेट' यांना दोन निरनिराळे मराठी शब्द मिळावेत, अशी आमची अनुवादकांना व अभ्यासकांना विनंती आहे. बाबासाहेबांनी दोन शब्द वापरले, कारण त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या होत्या.