माळ्यावरचे डबे

घराची खरी ओळख दिवाणखान्यात होत नाही, माळ्यावर होते. वर्डप्रेसवर थाटलेल्या वेबसाइटलाही असा एक माळा असतो. डेटाबेसमधल्या त्या टेबलाचं नाव ‘डब्ल्यूपी_ऑप्शन्स’. रकाने मोजून चार: क्रमांक, नाव, ऐवज, आणि हा डबा दरवेळी खाली काढायचा की नाही याची नोंद. प्लगिनं आपापली सेटिंग्ज सहसा इथेच ठेवतात. ‘गेट_ऑप्शन’ अशी हाक मारून नाव सांगितलं की डबा हातात. इतकी सोपी व्यवस्था आमच्या घरात तरी नाही!

पण माळा म्हटला की अडगळ आलीच. प्लगिन काढून टाकलं तरी, त्याच्या कर्त्याने आवराआवरीची सोय केलेली नसेल, तर त्याचे डबे तिथेच राहतात. भाडेकरू गेला, ट्रंक राहिली. त्यातून ती ट्रंक ‘दरवेळी काढायची’ असली, तर पान उघडणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी ती खाली येते आणि न उघडताच परत वर जाते.

हेही एक वेळ सोसेन. माझी खरी तक्रार डब्यांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल आहे. अनेक सेटिंग्ज एकाच डब्यात भरताना प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी लिहिलेली असते, तीही बाइटांत. ‘पुणे’ या शब्दापुढे १२ हा आकडा येतो, कारण प, उकार, ण आणि मात्रा या चारही चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. (पुण्याचं माप पुण्याबाहेरच्यांना नेहमीच जास्त वाटतं, ते सोडा.)

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचा पत्ता ‘एचटीटीपी’चा ‘एचटीटीपीएस’ झाला. कुणा उत्साही कार्यकर्त्याने थेट टेबलात जाऊन जुना पत्ता हाताने बदलला. एक अक्षर वाढलं, आकडा तोच राहिला. झालं! एका आकड्यापायी अख्खा डबा बाद. देणगीदारांचा फलक कोरा, वर्गणीचे दर गायब. ज्यांनी पेन्शनीतून पैसे दिले होते, ते आपलं नाव शोधून मुकाट्याने परत गेले.

आणि वर्डप्रेस यावर काय म्हणालं? ‘फॉल्स’. बस्स! डबा नसला तरी ‘फॉल्स’ आणि डबा आहे पण उघडत नाही तरीही ‘फॉल्स’. आमच्या आजीला हिंग मागितला, तर ‘संपलाय’ आणि ‘झाकण अडकलंय’ ही दोन निराळी उत्तरं मिळत. पहिल्या उत्तरावर माणूस वाण्याकडे जातो, दुसऱ्यावर सांडशी शोधतो. इथे सगळेच वाण्याकडे धावतात आणि यादी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतात.

वास्तविक मजकूर जागच्या जागी असतो. ती ओळ उघडून लांबीचा आकडा दुरुस्त केला की नावं जशीच्या तशी परत येतात. आमची आली. पत्ता बदलताना ‘डब्ल्यूपी-सीएलआय’चं ‘सर्च-रिप्लेस’ वापरलं तर आकडे तेच सांभाळतं. म्हणून, माळा चांगला आहे, मोठा आहे, सोयीचा आहे. फक्त त्याने एकदा बोलायला शिकावं. हरवलेलं आणि अडकलेलं यांत फरक आहे, एवढं तरी!