सामायिक पाण्याचा हक्कदार कोण?

सामायिक साधनाचा विनाश अटळ आहे, हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील प्रतिपादन एलिनॉर ऑस्ट्रम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात प्रत्यक्ष दाखल्यांनी खोडून काढले. त्यांतील दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भूजलाचे प्रकरण अंजनगाव सुर्जीच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. तेथे अति उपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले होते. येथे उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेकडे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे.

परंतु हक्कदार निश्चित असावेत, ही ऑस्ट्रम यांची पहिलीच अट आपल्याकडे अडखळते. कॅलिफोर्नियात वाटणी झाली ती पूर्वीच्या उपशाच्या प्रमाणात. त्या न्यायाने पानमळ्याची आणि संत्राबागेची विहीर हक्कदार ठरेल. विहीर नसलेला शेतमजूर हिशेबातच येणार नाही. शहानूर धरणाचे पाणी नळाने ज्या खारपाणपट्ट्यातील गावांना जाते, त्यांनी स्वतःस हक्कदार म्हणावे की नुसते ग्राहक? विलासराव साळुंखे (हे व्यवसायाने अभियंते) यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी उभारलेली पाणीपंचायत या प्रश्नाला थेट भिडते. तीत पाणी माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने, भूमिहीनासही वाटा, ऊस वर्ज्य. नियम कोण मोडतो, याचा ऑस्ट्रम बारकाईने शोध घेतात. नियम ठरले तेव्हा बैठकीबाहेर कोण होते, याची त्यांची चौकशी तोकडी आहे.