संगणक येण्याआधीच सुटलेलं गणित

निखिल मेनन यांचं ‘प्लॅनिंग डेमॉक्रसी’ (२०२२) संशोधनाकडे वळणाऱ्यांनी वाचावंच. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संगणक आणायला महालनोबिसांनी किती दारं ठोठावली, हे त्यात छान रंगलंय. नियोजनाला अफाट आकडेमोड लागते, म्हणून संगणक हवा, हा त्यांचा युक्तिवाद. ब्रिटिश एचईसी-२एम १९५५-५६ मध्ये आला, सोव्हिएत उरल १९५८-५९ मध्ये.

माझी हरकत इथेच सुरू होते. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या दुसऱ्या योजनेचा आराखडा मार्च १९५५ चा. सोव्हिएत मदतीच्या पोलाद कारखान्याचा करार त्याच्याही आधी, फेब्रुवारीत झाला. तोच पुढे भिलाई. (तेव्हा भिलाई आणि आमचं वर्धा एकाच राज्यात होतं.) मग संगणकाने ठरवलं काय?

‘संख्या’मधला महालनोबिसांचा १९५५ चा लेख काढून मी गणित वहीत मांडलं. गुंतवणूक ५,६०० कोटी, उत्पन्नातली वाढ २,९०० कोटी, नवे रोजगार १ कोटी १० लाख. एक तृतीयांश पैसा पोलाद, यंत्रं अशा उद्योगांना, हे आधीच ठरलेलं. उरलेला तीन क्षेत्रांत वाटायचा: तीन समीकरणं, तीन अज्ञात पदं. दहावीचं पोरगं सोडवेल. पोलाद, कोळसा, रेल्वे यांची एकमेकांवरची गरज दाखवणारे मोठे तक्ते सोडवायला यंत्र लागतंच, ते मान्य. पण इथे ते तक्ते नाहीतच.

उत्तर बघा. अवजड क्षेत्राला १,८५० कोटी आणि रोजगार ९ लाख. शेती व घरगुती उद्योगांना १,१८० कोटी, रोजगार मात्र ४७ लाख! कारण तिथे एका रोजगारामागे २,५०० रुपये गुंतवणूक धरलीय, अवजड क्षेत्रात २०,०००. आता वाटणी तीच ठेवा आणि २,५०० चे ४,००० करा. जवळजवळ १८ लाख रोजगार गायब.

हा २,५०० तपासायला उरल काय कामाचा? त्यासाठी खेड्यात जावं लागतं, आणि तसं जाणारी माणसं वर्ध्यात होती. मगनवाडीच्या जे. सी. कुमारप्पांनी मध्य प्रांत सरकारसाठी ६०६ खेड्यांची औद्योगिक पाहणी केली होती, १९३९ मध्ये. मेनन यांचा भर यंत्र मिळवण्याच्या खटपटीवर आहे, त्यामुळे संगणकाच्या गोष्टीत ही पाहणी मला भेटली नाही.

सध्या तोच अहवाल घेऊन बसलोय. तेलघाणीला माणशी किती भांडवल लागायचं, ते त्यात सापडतं का बघतोय.