वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य : जोडपदवीची एक चिकित्सा

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एम.डी. आणि एम.पी.एच. या दोन पदव्या एकत्र घेता येतात. तेथील एम.डी. म्हणजे भारतातील एम.डी. नव्हे. पदवीधर झाल्यानंतर चार वर्षांत पुरा होणारा तो मूळ वैद्यकीय अभ्यासक्रम होय. भारतात त्याच्या जागी एम.बी.बी.एस. आहे. एम.पी.एच. ही सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी. या दोहोंची सांगड बहुधा पाच वर्षांत घातली जाते. विद्यार्थी वैद्यकाची तीन वर्षे संपवतो, एक वर्ष सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत काढतो आणि मग वैद्यकाच्या शेवटच्या वर्षासाठी परत येतो. काही विद्यापीठांनी हा सगळा ऐवज चारच वर्षांत बसवला आहे. एका माणसाचा ताप आणि एका वस्तीचा ताप, दोन्ही ज्याला वाचता येतात असा डॉक्टर यातून घडेल, असे या रचनेमागचे गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात याच गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

तपासणीचे कारण केवळ परदेशी कुतूहलाचे नाही. त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्राने 1997 मध्ये एम.पी.एच. सुरू केल्यापासून आणि 2006 मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया स्थापन झाल्यापासून ही पदवी भारतातही परिचित झाली आहे. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांकडे विद्यार्थी येतात आणि विचारतात की डॉक्टर होता होताच हे करावे की नंतर, आणि करावे तरी का. त्यांना द्यावयाचे उत्तर माहितीपत्रकावर विसंबून देता येणार नाही.

मुळात या दोन विद्या वेगळ्या का झाल्या, हे आधी पाहिले पाहिजे. 1910 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध केला. फ्लेक्सनर हे डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. त्यांनी अमेरिका व कॅनडातील 155 वैद्यकीय विद्यालये पाहिली आणि बहुतेकांची लक्तरे काढली. प्रयोगशाळा, विद्यापीठाशी संलग्नता आणि स्वतःचे शिक्षण-रुग्णालय ही त्यांची कसोटी होती. या कसोटीने भोंदू विद्यालये बंद पडली, हे खरे. परंतु कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात विद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली, हेही तितकेच खरे. डॉक्टरचे काम यापुढे अधिकाधिक सामाजिक व प्रतिबंधात्मक होत जाणार, असे त्याच अहवालात फ्लेक्सनर यांनी म्हटले होते. मात्र त्यांनी उभारलेला आदर्श रुग्णालयाच्या खाटेभोवतीच फिरत राहिला. अहवालातील हे वाक्य वाचले गेले, पण इमारती दुसऱ्याच आराखड्यावर बांधल्या गेल्या.

दुसरा अहवाल 1915 चा, विल्यम वेल्श आणि विक्लिफ रोझ यांचा. रोझ हे रॉकफेलर निधीतून चाललेल्या अंकुशकृमी-निर्मूलनाच्या कामातून आलेले. गावोगाव काम करणारे आरोग्याधिकारी घडवणाऱ्या शाळांचे जाळे त्यांना हवे होते. वेल्श हे जॉन्स हॉपकिन्सचे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांच्या डोळ्यांसमोर जर्मन धर्तीची संशोधनसंस्था होती. सरशी वेल्श यांची झाली. 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्सला आरोग्यशास्त्राची स्वतंत्र संस्था मंजूर झाली आणि 1918 मध्ये ती उघडली. सार्वजनिक आरोग्याला स्वतःचे घर मिळाले. त्या बदल्यात वैद्यकाच्या घरातून ते बाहेर पडले. जोडपदवी ही या फाळणीवरची शंभर वर्षांनंतरची मलमपट्टी आहे, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. मलमपट्टीचा उपयोग असतो; फक्त तिला शस्त्रक्रिया समजू नये.

रचनेचा हिशेब पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. एम.डी.साठी मान्यता देणारी संस्था किमान 130 आठवड्यांचे अध्यापन मागते. एम.पी.एच.साठी मान्यता देणारी दुसरीच संस्था किमान 42 श्रेयांक आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य मागते. जोडअभ्यासक्रमात काही श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात आणि त्यामुळे वेळ वाचतो. पण परीक्षा, शिक्षक व विभाग वेगळेच राहतात. विद्यार्थी तीन वर्षे वॉर्डमध्ये वाढतो, एक वर्ष आकडेशास्त्र आणि साथरोगशास्त्र शिकतो आणि पुन्हा वॉर्डमध्ये जातो. दोन विषय एकामागोमाग येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. हृदयविकाराच्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ‘हा कोणत्या वस्तीतून आला आणि त्या वस्तीत असे किती?’ हा प्रश्न विचारणारा शिक्षक नसेल, तर दुसऱ्या पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते.

या दोन विद्यांमधील खरा फरक शाळेतल्या अपूर्णांकाने सांगता येतो. रुग्णालयातील डॉक्टर अंश पाहतो. सार्वजनिक आरोग्य छेद विचारते. बाह्यरुग्ण विभागात आलेले चाळीस रुग्ण हा अंश. ते कितीजणांतून आले आणि जे आलेच नाहीत त्यांचे काय, हा छेद. अंशातून रोगाचे स्वरूप कळते, व्याप्ती कळत नाही. उलट, ज्याने अंश कधी हातात धरून पाहिला नाही त्याच्या हाती छेद कोरा आकडा राहतो. दोन्ही एकाच वेळी पाहणे हे कौशल्य आहे. दोन्हींचे तास भरणे हे कौशल्य नव्हे.

हे कौशल्य कसे दिसते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतच, मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात सापडते. खर्चात काटकसर म्हणून एप्रिल 2014 मध्ये शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेण्यास सुरुवात झाली आणि नळांचे गंजणे रोखणारी प्रक्रिया पाण्यावर केली गेली नाही. डॉ. मोना हॅना-अटिशा या तेथील बालरोगतज्ज्ञ. वैद्यकीय पदवीनंतर काही वर्षांनी त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती. पाण्यात शिसे असल्याची शंका येताच त्यांनी आपल्या रुग्णालयातील मुलांच्या रक्ततपासण्यांच्या नोंदी काढल्या आणि पाणी बदलण्यापूर्वीचे व नंतरचे प्रमाण ताडून पाहिले. रक्तात शिसे वाढलेल्या मुलांचे प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेले होते. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी हे जाहीर केले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी आकडेच खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला आणि काही दिवसांतच ते मान्य केले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांतील एकही मूल ‘शिशाची बाधा’ अशी तक्रार घेऊन आले नव्हते. एकेक केसपेपर पाहणाऱ्या डॉक्टरला ही वाढ कधीच दिसली नसती. आणि केवळ आकडेतज्ज्ञ असता तर त्या नोंदींपर्यंत तो पोहोचला नसता. अधिकाऱ्यांसमोर मुलांची डॉक्टर म्हणून उभे राहण्याचा अधिकारही त्याला नसता.

जॉन्स हॉपकिन्सच्या त्या संस्थेचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. डॉ. सुशीला नायर यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात तेथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभारले. डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात राबले, मग हॉपकिन्सला गेले आणि परतून 1970 मध्ये जामखेडचे काम सुरू केले. डॉ. अभय व राणी बंग नागपूरचे एम.डी.; वर्धा परिसरातील खेड्यांत काम करून ते 1980 च्या दशकात हॉपकिन्सला गेले आणि 1986 पासून गडचिरोलीत राहिले.

या सर्वांच्या बाबतीत क्रम एकच आहे: आधी वैद्यक, मग खेड्यातील किंवा रुग्णालयातील वर्षे, मग सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण. आरोळे दांपत्य वडाळ्याला तेच तेच आजार पुन्हा पुन्हा परत येताना पाहून थकले होते. प्रश्न बरोबर घेऊन ते वर्गात बसले. जामखेडला पुढे निरक्षर, बहुतांशी दलित व गरीब स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून उभे करण्याची कल्पना केवळ पाठ्यपुस्तकातून आलेली नव्हती आणि केवळ दवाखान्यातूनही नव्हती. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांचा जो संग्रह काढला, त्यात जामखेडचा समावेश झाला तो या मिश्रणामुळेच.

डॉ. राणी बंग यांचे 1989 चे ‘लॅन्सेट’मधील संशोधन तर छेदाचा धडाच म्हणावा लागेल. गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रिया त्यांनी तपासल्या. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. रुग्णालयाच्या रजिस्टरात हे 92 टक्के कोठेच नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञ नसती तर ही तपासणी होऊ शकली नसती, आणि गावातील प्रत्येक स्त्री मोजली पाहिजे हा आग्रह नसता तर तिला अर्थ आला नसता. दहा वर्षांनी, डिसेंबर 1999 मध्ये, बंग दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. 39 गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जात. तुलनेसाठी 47 गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट दिसली. 2011 पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली.

मात्र यावरून ‘आधी अनुभव, मग पदवी’ असा नियम बांधून मोकळे होणे घाईचे ठरेल. भारताने नेमका उलट प्रयोगही करून पाहिला आहे. 1946 च्या भोर समितीने ‘सामाजिक वैद्य’ ही कल्पना मांडली आणि प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. पुढे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभाग आला. अमेरिकेत काहींना ऐच्छिक असलेली गोष्ट येथे सर्वांना सक्तीची झाली. परिणाम शिक्षकांना ठाऊक आहे: पी.एस.एम. हा विषय पाठ करून सोडून देण्याचा झाला. 1977 मध्ये प्रत्येक महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडण्याची योजना आली, 2021-22 च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. कल्पना चांगल्या, पण विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते ते पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेवर, आणि ती त्याला पुन्हा पुस्तकाकडे व वॉर्डकडे ओढते. सेवाग्रामने विद्यार्थ्यांना आरंभी आश्रमात ठेवून आणि प्रत्येक तुकडीला एक गाव देऊन या ओढीला काहीसा अटकाव केला. तेथे जोड पदवीत नाही, महाविद्यालयाच्या दिनक्रमात आहे, हा फरक महत्त्वाचा मानला पाहिजे.

अमेरिकेतही ओढ तीच, फक्त दोरी वेगळी. एम.डी.नंतर रेसिडेन्सी अटळ असते आणि तिचा मोठा खर्च 1965 पासून मेडिकेअर ही सरकारी विमायोजना रुग्णालयांना देत आली आहे. सार्वजनिक आरोग्य खात्यात घ्यावयाच्या प्रशिक्षणाला या व्यवस्थेत जागा अरुंद आहे. प्रतिबंधक वैद्यकाची स्वतंत्र रेसिडेन्सी आहे, तिला मान्यताही आहे. पण ती हृदयरोग वा शल्यक्रियेसारखी रुग्णालयाच्या उत्पन्नात भर घालत नाही. त्यातच कर्ज. शिक्षणकर्ज घेतलेल्या तेथील नव्या डॉक्टरांचे मध्यक कर्ज 2023 मध्ये सुमारे दोन लाख डॉलर होते. एवढे ओझे घेऊन जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातील पगारावर कोण जाईल? जोडपदवीने त्यात आणखी एका वर्षाची फी मिळवली जाते. अशा वेळी एम.पी.एच. हे अक्षर रेसिडेन्सीच्या अर्जातील एक चांगली ओळ बनून राहण्याचा धोका खराच आहे.

तरीही जोडअभ्यासक्रमाच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की जो टीकाकार सहसा लक्षात घेत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांमध्येच राहतो. एम.पी.एच.चा वर्ग मात्र तसा नसतो. तेथे परिचारिका, अभियंते, समाजकार्य व अर्थशास्त्राचे पदवीधर, भारतात तर दंतवैद्य व आयुर्वेदाचे पदवीधरही, एकाच बाकावर बसतात आणि आकडेमोडीत डॉक्टरपेक्षा बहुधा तेच पुढे असतात. आज्ञा देण्याची सवय लागण्याआधीच भावी डॉक्टरला वर्षभर असे बसावे लागणे, ही या रचनेची सर्वांत मोठी कमाई आहे. रेसिडेन्सी, संसार आणि कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर ते वर्ष पुन्हा सहजी मिळत नाही. पाचाचे चार वर्षे करणारी महाविद्यालये नेमके हेच कापतात: तास राहतात, सहवास जातो. फ्लिंटच्या पाण्यात गंजरोधक घातलेले नाही ही गोष्ट हॅना-अटिशा यांना कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकातून कळली नव्हती. शाळेपासूनच्या एका मैत्रिणीने ती त्यांना घरी जेवायला आली असता सांगितली, आणि ती मैत्रीण पाण्याच्या गुणवत्तेवर काम केलेली अभियंता होती.