‘प्लायलर विरुद्ध डो’ : बालकांचे निरपराधित्व आणि शिक्षणाचा हक्क

टेक्सासच्या विधिमंडळाने १९७५ साली शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती करून, अमेरिकेत कायदेशीर प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या शिक्षणासाठीचे राज्य अनुदान बंद केले. अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभाही स्थानिक शाळा-मंडळांना दिली. टायलर येथील मंडळाने १९७७ मध्ये त्यांच्यावर वार्षिक १,००० डॉलर शुल्क बसविले. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांनी संघीय जिल्हा न्यायालयात या कायद्यास आव्हान दिले. ओळख उघड होऊ नये म्हणून ‘डो’ हे कल्पित नाव घेतले गेले. जिल्हा व अपील न्यायालयांनी मुलांच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केला.

वरवर पाहता हा शिक्षणाच्या हक्काचा विजय वाटतो. निकालपत्र बारकाईने वाचले असता मात्र निराळेच चित्र दिसते. शिक्षण हा संघीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, हा १९७३ च्या रॉड्रिग्झ प्रकरणातील (तेही टेक्सासचेच!) निष्कर्ष न्या. ब्रेनन यांनी स्वीकारला. अनधिकृत स्थलांतरितांना विशेष संरक्षणास पात्र असा वर्गही मानले नाही. मग कायदा रद्द ठरला तो कशावर? आईवडिलांच्या कृत्याचे शासन मुलांना होऊ नये आणि निरक्षरांचा कायमचा थर निर्माण होऊ नये, या विचारावर. विचार उदात्त आहे. परंतु प्रस्तुत लेखिकेच्या मते तो हक्काचा नव्हे, अनुकंपेचा आधार आहे. निरपराध बालक उद्या प्रौढ झाले की हा आधार निसटतो.

वास्तविक भक्कम भूमी जवळच होती. चौदावी घटनादुरुस्ती समान संरक्षण देते ते ‘व्यक्ती’ला, केवळ नागरिकाला नव्हे. अनधिकृत रहिवासी राज्याच्या अधिकारकक्षेत येत नाहीत, हा टेक्सासचा युक्तिवाद सरन्यायाधीश बर्गर यांच्या विरोधी मतपत्रातही ग्राह्य धरलेला नाही. (आपल्या कलम २१-अ मध्येही ‘सर्व बालके’ म्हटले आहे, ‘नागरिकांची बालके’ नव्हे, ब्रेनन यांच्यापुढे शिक्षणाविषयी असे कलमच नव्हते.)

या दुबळेपणाची किंमत १९८८ साली दिसली. नॉर्थ डकोटातील एका गरीब कुटुंबाने शाळेच्या बसशुल्काविरुद्ध दाद मागितली, तेव्हा प्लायलर निकाल त्याच्या विशिष्ट परिस्थितीपुरताच आहे, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. उलटपक्षी, नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्थलांतरविषयक दर्जाची चौकशी शाळांवर लादणारी अलाबामाच्या २०११ च्या कायद्यातील तरतूद संघीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये याच निकालाच्या आधारे घटनाबाह्य ठरविली.