दोष रंगाचा कीं कागदाचा?

जपानी पद्धतीचें ठसाचित्र डागाळलें कीं आपले रसिक रंगास बोल लावतात. हा निवाडा घाईचा होय. होकुसाइच्या, इ. स. १८३१ च्या सुमाराच्या, 'कानागावाच्या लाटे'तील प्रशियन निळा पहावा. त्याचें तेज कागदानेंच राखिलें आहे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या अशा कागदास सरस-तुरटीचा लेप देतात. तो अपुरा पडला तर रंग फुटतो. कागद कोरडा राहिला किंवा रंगांत तांदळाची खळ कमी पडली, तर तिळासारखे ठिपके उठतात. ठाणें-कल्याणच्या खाडीकांठीं आषाढांत कागद आपसूकच ओल पितो. तेथें परक्या पुस्तकांतील पाण्याचें प्रमाण जसेंच्या तसें उचलणें म्हणजे फसगतच. कारागिरानें ओल ओळखावी; टीकाकारानेंहि आधीं कागद चांचपावा, मग रंगाविषयीं बोलावें.